तीनशे अडुसष्टची रेष

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

लॅबच्या लॉगबुकात चिडचिड लिहिता येत नाही. तिथे वेळ, व्होल्टेज, फाइलचं नाव आणि सही, एवढंच. साडेपाच वर्षांत मी तशा सात वह्या भरल्या. आज संत तुकाराम नगरच्या चौकातल्या दुकानातून ही आठवी घेतली. हिच्यात व्होल्टेज येणार नाही.

परिस्थिती अशी आहे. माझा प्रबंध ३१ जुलैपर्यंत सादर झाला नाही तर नोंदणी रद्द होईल. फेलोशिप कधीच संपली. ज्या अणुकेंद्रकावर मी काम करते त्याचं नाव इथे लिहिणार नाही. भौतिकशास्त्राच्या मुलीने असं बोलू नये, पण पेपर छापून यायच्या आत त्याचं नाव काढलं की काहीतरी बिनसतं, असा माझा अनुभव आहे. त्याला मी पाहुणा म्हणते. त्याच्या पोटात इतके जास्तीचे न्यूट्रॉन कोंबलेले असतात की तो सेकंदभरही टिकत नाही. जाता जाता गॅमा किरण सोडतो. त्या किरणांची ऊर्जा मोजून आपण ओळखायचं की आतली रचना कशी आहे, म्हणजे पाहुणा वांग्यासारखा लांबट आहे की लाडवासारखा गोल. सगळी सैद्धान्तिक मंडळी म्हणतात लांबट. माझ्या आलेखात ३६८ या आकड्यापाशी एक बारीक रेष आहे. ती पाहुण्याची असेल तर तो गोलाकडे झुकलेला आहे आणि ही सगळी मंडळी चुकली आहेत.

ती रेष म्हणजे माझा प्रबंध. बाकीची दोनशे पानं तिच्याभोवतीचं पॅकिंग. आज तिसऱ्या पद्धतीने तपासली, तरी ती आहे. पण माझे गाइड शेखर सर तिच्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे पप्पा दिवसभर घरी. म्हणजे प्रश्न.

पप्पांचा भोसरीत गाळा आहे. दोन लेथ आणि एक सेकंडहँड सीएनसी. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना जे लोक पार्ट पुरवतात, त्या लोकांना पप्पा पार्ट पुरवतात. लातूरहून आले तेव्हा हेल्पर होते, आता मालक आहेत, पण हात अजून तेलातच असतात. माझ्या प्रयोगासाठी युरेनियमचा पातळ पत्रा धरून ठेवणारी ॲल्युमिनियमची चौकट लागणार होती. संस्थेच्या वर्कशॉपने चार महिने सांगितले. पप्पांनी दीड महिन्यात दोन करून दिल्या, एक वापरायला आणि एक जादा. त्यातली एक आम्ही मुंबईच्या रिॲक्टरवर न्यूट्रॉनच्या झोतात ठेवली. युरेनियमचे अणू फुटले, त्या तुकड्यांतून लाखात एखादा पाहुणा निघाला. याला आता सव्वा वर्ष झालं.

"आपला पीस कसा चाललाय?" पप्पांनी जेवताना विचारलं. दर गुरुवारी विचारतात. पीस काय चालणार? तो तिकडे मुंबईला शिशाच्या कपाटात पडलाय.

"चांगला आहे," मी म्हटलं.

"माप बसलं होतं ना? झोतात हलला नाही ना?"

"नाही हो."

"रिकामा ठेवून बघितला होतास का? तुझा पत्रा न घालता?"

"का?"

"आमच्याकडं जॉब धरायचं फिक्श्चर बदललं की झिरो परत घेतेत. नाहीतर चूक फिक्श्चरची असती आणि खपती जॉबच्या नावावर."

मी सांगितलं, बघितला होता. खरं म्हणजे रिकामी मोजणी आम्ही सरांच्या जुन्या चौकटीवर केली होती, पप्पांची येईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये म्हणून. नवी आली तेव्हा आम्हाला मिळालेल्या दहा दिवसांतले चार संपले होते. रिकाम्या चौकटीवर आणखी दोन दिवस घालवायला कोण तयार होणार? ही पण ॲल्युमिनियम, ती पण ॲल्युमिनियम. पप्पा अजून काहीतरी विचारणार होते, पण मी "काम आहे" म्हणून उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. माणसाला स्वतःच्या घरात तरी कुणी उलटतपासणी घेऊ नये.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सापडलं! ३६८ एकटी नाही. तिच्याबरोबर त्याच क्षणी ५७९चा किरण येतो. जोडीने येतात म्हणजे दोन्ही एकाच केंद्रकातून, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरावं तसे. गोलसर केंद्रकाच्या पायऱ्या अशाच असतात. ६६१लाही एक टेकाड दिसतंय, पण ते सीझियमचं असणार. यंत्रं तपासायला सीझियमची एक गोळी जवळच ठेवलेली असते, तिचा किरण तिथेच पडतो. ते सोडून दिलं.

सर आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लिही." 'हं' नाही, "लिही"! कॅन्टीनमध्ये एकटीने दोन वडापाव खाल्ले.

मंगळवार, १८ मार्च

पेपर पाठवला. घरी नुसतं सांगितलं तर पप्पा पिशवी उचलून खाली गेले आणि दोन किलो पेढे घेऊन आले. एक किलो गाळ्यावर नेणार म्हणे, शेजारच्या गाळेवाल्यांना पण. माझं डोकंच फिरलं.

"पप्पा, नुसता पाठवलाय. अजून परीक्षक वाचणार, चुका काढणार. नापास पण होईल."

"पाठवायला पण लागतंयच की," ते म्हणाले. "काय लिहिलंस त्यात ते जरा सांग की. लोक विचारतेत, तुमच्या पीसवर काय शोध लागला म्हणून. मला नीट सांगता येत नाही."

"तुम्हाला नाही कळणार ते."

खरंच नसतं कळलं. दहावी झालेल्या माणसाला केंद्रकाच्या पायऱ्या कुठून सांगत बसू? ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले. नंतर आई म्हणाली, "गोड बोलली असतीस तर काय झिजली असतीस?" तिलाही काही सांगायला गेले नाही.

बुधवार, ९ एप्रिल

तीन आठवडे झाले, परीक्षकांकडून काही नाही. पप्पा रोज संध्याकाळी हॉलमध्ये फोनवर मोठ्या आवाजात हिंदी व्हिडिओ लावतात, 'परमाणु के अंदर क्या है' वगैरे. तोच तोच परत लावतात. मला एक ओळ सुचत नाही. शेवटी दार उघडून सांगितलं की आवाज कमी करा. त्यांनी फोन बंदच केला. आता घरात शांतता आहे आणि तरीही ओळ सुचत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

उत्तर आलं. पहिल्या परीक्षकाला सगळं आवडलं, म्हणजे त्याने वाचलेलं नाही. दुसऱ्याने वाचलंय.

तो लिहितो: ३६८ची रेष इतकी ठळक असेल तर आमच्यापेक्षा वीसपट मोजणी केलेल्या परदेशी गटाला ती दिसायलाच हवी होती. आणि पुढे: ज्या चौकटीवर प्रयोग झाला, त्याच चौकटीवर रिकामी मोजणी केली होती का?

त्याच चौकटीवर! याला कुणी सांगितलं? ते वाक्य चारदा वाचलं. मग राग आला. वर्ष-वर्ष राबायचं आम्ही आणि आरामखुर्चीत बसून शंका काढायच्या यांनी.

शुक्रवार, २ मे

अपेक्षा ही माझ्या आधीची सरांची विद्यार्थिनी, आता त्या परदेशी गटात काम करते. तिला लाजत लाजत विचारलं. तिने आज त्यांचा आलेख पाठवला. ३६८पाशी काहीही नाही, सपाट मैदान. खाली तिने लिहिलंय, "वर्षाली, घाबरू नकोस, आमचंच काहीतरी चुकलं असेल." म्हणजे माझंच चुकलंय, हे तिलाही कळलंय.

सरांना दाखवलं. "हं," ते म्हणाले. मी ओरडलेच, "सर, नुसतं हं काय?" सगळी लॅब वळून बघायला लागली. सर शांतपणे म्हणाले, "रेष पाहुण्याची नसेल तर कुणाची आहे ते शोध. रेष कुणाचीतरी असतेच."

बुधवार, ७ मे

रेष कुणाची ते कळलं.

मी उलट्या बाजूने सुरुवात केली. ६६१चं ते टेकाड मी सीझियमचं म्हणून सोडून दिलं होतं. आज विचारलं की त्याच्याबरोबर त्याच क्षणी काय येतं. सीझियमचा किरण एकटा असतो, त्याच्याबरोबर काहीच यायला नको. आलं. ३६८, लखलखीत.

इतकी साधी गोष्ट फेब्रुवारीत बघितली नाही, कारण बघायची नव्हती.

मग ३६८, ५७९ आणि ६६१ हे तिन्ही आकडे जुन्या तक्त्यात टाकले. चार सेकंदांत उत्तर आलं. पारा. साध्या पाऱ्याने न्यूट्रॉन गिळला की तो नेमक्या याच रेषा सोडतो, आणि न्यूट्रॉन गिळण्यात पाऱ्याचा हात धरणारे मोजकेच. कणभर असला तरी पुरे. माझा पाहुणा, तो गोल की लांबट, सैद्धान्तिक मंडळी, सगळं खलास. सव्वा वर्ष मी थर्मामीटरमधल्या पाऱ्याची रचना अभ्यासत होते.

पण आमच्या प्रयोगात पारा आला कुठून?

शनिवार, १० मे

थर्मामीटर फुटला नव्हता. पंपात पारा नाही. तारांत नाही, झाळकामात नाही. युरेनियमचा पत्रा शुद्ध, तसा दाखला आहे. जुन्या चौकटीच्या रिकाम्या मोजणीत ३६८ नाही. म्हणजे नवीच चौकट उरली. भंगारातून वितळवलेलं ॲल्युमिनियम असेल, त्यात काहीही असू शकतं. पप्पांना कुणीतरी फसवलं असणार.

झोतात वापरलेली चौकट मिळणं शक्य नाही, पण जादाची लॅबच्या कपाटात पप्पांच्या पॅकिंगसकट तशीच पडून होती, न्यूट्रॉन न लागलेली. विद्यापीठातलं तपासणीचं यंत्र बंद, दुरुस्तीला तीन आठवडे. पप्पांना एवढंच विचारलं की धातू तपासायचं यंत्र ओळखीत कुणाकडे आहे का. कशाला ते सांगितलं नाही.

"सयाजीकडं गन आहे की, चाकणला," ते लगेच म्हणाले. "आपल्या पीसचं मटेरियल बघायचंय का? एक नंबर आहे, सर्टिफिकेट फाइलला लावलंय. पण बघू, बघू. गुरुवारी जाऊ." किती तरी दिवसांनी मी त्यांना काहीतरी विचारलं होतं.

गुरुवार, १५ मे

सकाळी पप्पांच्या मोटारसायकलवर मोशीमार्गे चाकणला गेलो. सयाजीकाका खेडचे, एका प्लेटिंगच्या कंपनीत क्वालिटी बघतात. युरोपला जाणाऱ्या मालात शिसं, पारा, कॅडमियम चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. पार्टवर धरायचं, पाच-दहा सेकंदांत पडद्यावर हिरवं किंवा लाल.

"उद्धवराव, तुमचा पीस आन् गनवर?" ते हसले. "कोनी कंप्लेंट केली?"

"पोरीचं काम आहे," पप्पा म्हणाले. "मटेरियल बघायचंय." आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

चौकटीच्या एका पट्टीवर मधोमध गन धरली. हिरवं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. सयाजीकाकांना चारही कोपरे बघायची सवय. एक कोपरा हिरवा. दुसऱ्या कोपऱ्यात स्क्रूसाठी आटे पाडलेलं बारीक भोक आहे, तिथे गन धरली आणि पडदा लाल झाला.

"पारा?" सयाजीकाकांनी काच पुसली, परत धरली. परत लाल. "राव, ह्ये तुमच्याकडं कुठनं आलं? तुमच्या मालाला कधी लाल आलं न्हाई."

पप्पांनी चौकट हातात घेतली, ट्यूबलाइटकडे धरून भोकातून बघितलं. खिशातला अणकुचीदार सळईचा तुकडा काढून आत फिरवला आणि पांढऱ्या कागदावर चौकट आपटली. सुईच्या टोकाएवढा लाल कण पडला. पप्पा स्टुलावर बसले.

"हिंगूळ आहे," ते म्हणाले.

त्यांचा रिवाज मला ठाऊक होता. नव्या जॉबचा पहिला पीस मशीनवरून उतरला की त्याला कुंकवाचं बोट लावायचं, मग थिनरने पुसून पाठवायचा. पण गाळ्यावरचं कुंकू हळदीचं असतं, त्याने काही होत नाही. माझ्या चौकटींना त्यांनी ते लावलं नव्हतं. घरी देव्हाऱ्यात लातूरच्या आजीची पितळी डबी आहे, तिच्यातला अस्सल हिंगूळ त्यांनी पुडीत नेला होता, हे त्यांनी आता सांगितलं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. दहावी झालेल्या माणसाला ते ठाऊक नसतं, पण मला होतं.

"दोन्हीला लावलात का?" सयाजीकाकांनी हळूच विचारलं.

"दोन्ही तिचेच होते," पप्पा म्हणाले.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? साडेपाच वर्षं गेली माझी! एक चौकट, एक साधी चौकट धड करता आली नाही तुम्हाला?" वॉचमन बघत होता. पप्पांनी हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "बस."

मोशीच्या सिग्नलला त्यांनी मान न वळवता विचारलं, "ती रेष मग सगळी पाऱ्याचीच?"

"सगळी."

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. आज मला त्यांची दया आली नाही. मी अजूनही चिडलेली आहे.

शुक्रवार, १६ मे

सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील किंवा ओरडतील. त्यांनी चष्मा काढला. "रिकामी मोजणी मी वगळू दिली," ते म्हणाले, "ती जबाबदारी माझी. पेपर मागे घे. कारण स्पष्ट लिही."

पत्रात लिहिलं, 'चौकटीवर पाऱ्याचा अंश आढळल्यामुळे'. तो कसा आला ते लिहिलं नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पेपर मागे घेतल्याची पोच आली. सर सहा महिन्यांच्या मुदतवाढीसाठी अर्ज करणार आहेत. मिळेलच असं नाही. मिळाली तर नवी चौकट, नवी मोजणी, आणि ३६८ नसलेला पाहुणा. तो काय दाखवेल, काही दाखवेल की नाही, कुणाला माहीत?

सोमवार, १९ मे

पप्पा काही विचारत नाहीत. सकाळी मी उठायच्या आत गाळ्यावर जातात, रात्री जेवून झोपतात. फोनवर व्हिडिओ नाहीत. मला हवी होती तशी शांतता आहे. मला ती सहन होत नाही.

आज आईने स्वयंपाकघरात मला धरलं.

"चार गुरुवार बसले होते ते तुझ्या त्या तुकड्यापायी," ती म्हणाली. "तीन पीस भंगारात टाकले. एकावर बारीक ओरखडा होता, मला तर दिसलाबी नाही. म्हणे, पोरीच्या हातात जायचंय. आणि ती डबी माझ्या सासूबाईंची. माझ्या लग्नात मागितला होता हिंगूळ, तर दिला नव्हता त्यांनी. तो ह्यांनी तुझ्या ॲल्युमिनला लावला."

"मला चौकट हवी होती आई, पूजा नको होती."

"तुला काय पायजे आणि काय नको, ते तू त्यांना सांगितलंस कवा? बसून, नीट, एकदा तरी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. ड्रॉइंग दिलं होतं, व्हॉट्सॲपवर. खाली लिहिलं होतं, 'पप्पा अर्जंट'.

शनिवार, २४ मे

मुदतवाढ मिळाली, ३१ जानेवारीपर्यंत. रिॲक्टरवरचे दिवस अजून नक्की नाहीत. सर म्हणाले, "चौकट या वेळी संस्थेच्या वर्कशॉपमधून घेऊ या." मी म्हटलं, सोमवारी सांगते.

घरी आले तर टेबलावर माझ्या नावाचा लिफाफा होता, कंपन्यांना पाठवतात तसा खाकी, वर गाळ्याचा शिक्का. आत व्हाय-व्हायचा फॉर्म. गाड्यांच्या कंपन्या कुणाचा माल नापास करतात तेव्हा पुरवठादाराला हा भरून द्यावा लागतो. चूक का झाली, ते का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं, शेवटी उपाय लिहायचा आणि ग्राहकाची सही घ्यायची. पप्पांनी असे शेकड्याने भरलेत. मी लहान होते तेव्हा त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचे.

फॉर्म इंग्रजीत छापलेला, उत्तरं मराठीत, निळ्या पेनने, सावकाश काढलेल्या अक्षरात. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

ग्राहक: कु. वर्षाली उद्धवराव सूर्यवंशी.
तक्रार: खोटी रेष.
१. खोटी रेष का आली? चौकटीत पारा होता.
२. पारा का होता? हिंगूळ लावला. थिनरने पुसला, पण आट्यातला निघाला नाही.
३. रोजचं कुंकू सोडून हिंगूळ का? मुलीचं काम होतं.
४. लावलेलं चालेल का, हे ग्राहकाला का विचारलं नाही? ग्राहक कामात असतो.
५. या प्रश्नापुढे काही लिहिलेलं नाही.
उपाय: यापुढे ग्राहकाने पीस चांगल्या ठिकाणी करून घ्यावा.

चौथ्या उत्तरात आधी काहीतरी वेगळं लिहून खोडलेलं होतं. दिव्यापाशी धरलं तेव्हा वाचता आलं. 'ग्राहक दार लावून घेतो.'

मी खोलीत बसून रडले. प्रबंधासाठी इतक्या दिवसांत रडले नव्हते. मग तोंड धुऊन हॉलमध्ये गेले. पप्पा आवाज बंद करून टीव्ही बघत होते. मी शेजारी बसले आणि फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

ते दचकले. "का? काय राहिलं?"

"उपाय मान्य नाही. पीस तुम्हीच करायचा. गुरुवारी मी गाळ्यावर येणार आहे, दिवसभर. त्याला काय लागलेलं चालतं आणि काय नाही, ते सगळं सांगणार. ती रेष काय असते, ते पण."

पप्पांनी चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्यापासून वाचायला घेतला, जणू तो दुसऱ्या कुणी भरला होता.

"आणि चौथं उत्तर चुकलंय," मी म्हटलं. "तिथे तुम्ही आधी लिहिलं होतं तेच बरोबर होतं. चूक ग्राहकाची आहे. खोडलंत कशाला?"

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

"बाळा, तीस वर्षं हा फॉर्म भरायलोय मी," ते म्हणाले. "ग्राहकाची चूक लिहायला ह्याच्यात जागाच नसती."